शेवटची दोन वळणं

जीपखाली उताणा पडलो होतो आणि लाल तेलाचा थेंब बरोबर माझ्या भुवईवर पडला. पुसेपर्यंत दुसरा पडला, तो डोळ्यात. मी तिथूनच विचारलं, "हिंदुराव, ह्यात ब्रेक ऑइल कुणी वतलंय?"

"कुणी न्हाय वतलं, दस्तगीरभाऊ," अनुसावहिनींचा आवाज आला. हिंदुरावाला काहीही विचारलं तरी उत्तर त्याची बायको द्यायची. फाट्यावर सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे त्यावर हसायचे.

माझी शंका उगीच नव्हती. आमच्याकडचे ड्रायव्हर लोक पॉवर स्टिअरिंगच्या डबीतलं तेल उतरलं की हाताला येईल ती बाटली त्यात उपडी करतात. ब्रेक ऑइल गेलं की आतलं रबर फुगतं, पाइप मऊ पडतो आणि एक दिवस फाटतो. मग माझ्याकडे येऊन म्हणणार, मिस्त्री, पाइप डुप्लिकेट होता. मी बोटावर तेल घेऊन चोळलं, हुंगलं. तेल बरोबर होतं. त्यामुळे तर मला जास्तच राग आला, कारण आता शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं.

पंपाकडून स्टिअरिंगच्या पेटीकडे जाणारा जो पाइप असतो, त्यात तेल फार दाबानं धावतं. परत येणाऱ्या पाइपला नुसती क्लिप आवळली तरी भागतं, ह्याला ते चालत नाही. ह्याच्या टोकाची लोखंडी बोंडी यंत्रानंच दाबून बसवावी लागते. गाडी इतकी जुनी की तयार पाइप कुठं मिळेना, म्हणून मी तो कराडहून बनवून आणायचो. दिवाळीआधी एकदा बदलला, मग संक्रांतीच्या सुमारास पुन्हा, आणि आता तिसऱ्यांदा तो बोंडीच्या त्याच जागी फाटला होता. माझं काम असं परत येत नाही. त्या दोघांच्या अडचणीपेक्षा मला ह्याच गोष्टीचा जास्त त्रास होत होता, हे खरं आहे.

तेव्हा वाघजाईच्या घाटाखाली, कोळोशी फाट्यावर माझं गॅरेज होतं. लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून कुबडीवर चालतो. त्यामुळे गाडी अख्खी खोलून पुन्हा जोडीन, पण क्लच दाबून चालवणं मला कधी जमलं नाही. ट्रायलला मी ड्रायव्हरशेजारी बसायचो आणि कान लावायचो. गाडीचं दुखणं दस्तगीर मिस्त्रीला नुसतं ऐकून कळतं असा माझा लौकिक होता, आणि तो पसरवण्यात माझाही थोडा हात होता.

हिंदुराव साबळे वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी भाड्याची जीप चालवायचा. घाटमाथ्यावरच्या वाड्यांना सकाळ-संध्याकाळची एसटी सोडली तर दुसरं काही नव्हतं, सगळा कारभार वडापवर. त्याआधी त्यानं ट्रक चालवले होते, पार मंगळूरपर्यंत. पन्नाशी उलटलेला, उंचापुरा, उन्हाळ्यातसुद्धा अंगात खाकी कोट आणि डावा हात कायम कोटाच्या खिशात. स्टिअरिंगला त्यानं लाकडी लट्टू बसवून घेतला होता. तो धरून मोठ्या रुबाबात एका हातानं चाक फिरवायचा. तरणी पोरं घाटात जीपा उडवायची, हा मात्र बैलगाडीच्या चालीनं उतरायचा. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया त्याचा नंबर येईपर्यंत थांबून राहायच्या. त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर मधोमध, अनुसावहिनी. ती जागा त्यांनी कधी कुणाला दिली नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणायचे, हिंदुरावाची गाडी बायकोच चालवते. हिंदुराव हसून सोडून द्यायचा. वहिनी मात्र हसायच्या नाहीत.

वडापचा धंदा नंबरावर चालतो. एक गाडी भरून सुटली की पुढची लागते. आमच्या स्टँडवर नियम असा, की एका महिन्यात तीनदा नंबर चुकवला की गाडी लाइनीतून कायमची बाहेर. तिची जागा घ्यायला दुसरे टपलेलेच असतात. पाइपापायी त्या महिन्यात हिंदुरावाचे दोन नंबर आधीच चुकले होते. दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्या दिवशी गाडी लागली नाही, तर त्यांच्या तोंडचा घास जाणार होता.

मी नवा पाइप चढवला. मग आत अडकलेली हवा काढायची असते. पुढची दोन्ही चाकं उचलून ठेवली, इंजिन चालू केलं आणि हिंदुरावाला सांगितलं की स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. वहिनी लगेच म्हणाल्या, मी फिरवते. मी म्हटलं, तुम्ही कशाला, ते काय लाटणं आहे? हिंदुराव चढून बसला आणि लट्टू धरून फिरवू लागला. उजव्या टोकाला गेल्यावर त्यानं चाक तिथंच दाबून धरलं. पंप कण्हायला लागला.

"सोड, सोड," मी म्हणालो. "टोकाला गेलं की इवलंसं मागं घ्यायचं. तितं दाबून धरलंस तर पंपाचा सगळा जोर पाइपावर येतो. घाटात पण असंच धरतोस का?"

त्यानं चाक सोडलं. वहिनींनी माझ्याकडे पाठ करून बोनेटवरचा फडका उचलला.

मला कारण सापडलं होतं आणि तरीही सापडलं नव्हतं. टोकाला चाक दाबून धरणं ही शिकाऊ पोराची खोड. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस असं का करील? मी सांगून टाकलं की उद्या मी तुमच्यासोबत घाटात येणार आणि पाइप का फाटतो ते बघूनच गाडी सोडणार. वहिनींनी, पाय दुखेल, गर्दी असते, गॅरेज कोण बघणार, अशी बरीच कारणं काढली. त्यांनी जितकी काढली तितका माझा हट्ट वाढत गेला.

सकाळी चढताना मला मागच्या बाकावर जागा मिळाली. पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून डोळे मिटून ऐकत राहिलो. प्रत्येक अवघड वळणावर पंप कण्हत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ. आणखी एक गोष्ट कानाला खुपत होती. क्लच दाबल्याचं कळायचं, मग मध्येच एक रिकामी जागा, आणि त्यानंतर गिअर पडायचा. एकानं सांगावं आणि दुसऱ्यानं करावं, तेवढी ती जागा होती. तेवढा वेळ हिंदुराव चाक टोकाला दाबून धरत होता. हे असं का, ते काही कळेना.

माथ्यावर पोचल्यावर मी पुढं आलो आणि वहिनींना म्हणालो, आता तुम्ही मागं बसा, मला मधे बसू द्या.

"मधी न्हाय. दाराकडं बसा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी पंप ऐकाय आलोय."

"दाराकडनं बी आयकू येतंय."

मी चिडून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात शिंदेवाडीच्या पायवाटेनं माणसं पळत येताना दिसली. चौघांनी घोंगडीत एका बाईला घातलं होतं. हौसा तिचं नाव, विशी-पंचविशीची असेल. सकाळी गवत कापताना तिच्या पायाला घोणस डसली होती. पाय पोटरीपर्यंत सुजून काळानिळा झाला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. तिचा नवरा यशवंत बरोबर होता. बाजाराला निघालेली माणसं कुणी न सांगता पाट्या-पिशव्यांसकट खाली उतरली. हौसाला मधल्या सीटवर आडवं केलं, यशवंतानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाकीच्या जीपा बाजाराला खाली गेलेल्या, एसटी संध्याकाळी. फाट्यावरच्या सरकारी दवाखान्यात सापाची लस होती, आणि तिथपर्यंत नेणारी हीच एक गाडी होती.

हिंदुरावानं गाडी काढली. ह्या वेळी तो बैलगाडीच्या चालीनं गेला नाही. मी दाराकडे बसलो होतो, मधे वहिनी, पलीकडे तो. पहिलं वळण आलं. हिंदुराव हळूच "हं" म्हणाला, क्लच दाबला, आणि वहिनींच्या पदराखाली काहीतरी हललं. गिअर पडला. पुढच्या वळणाला पुन्हा "हं", पुन्हा पदर हलला. वहिनी समोर रस्त्याकडे बघत होत्या. मी वाकून बघितलं. गिअरच्या दांड्यावर त्यांचा हात होता.

तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं आणि हिंदुरावाचा डावा हात कोटाच्या खिशातून निसटून मांडीवर पडला. बोटं आत वळलेली, मनगट खाली लोंबणारं. त्यानं तो उचलला नाही, त्याला उचलता येत नव्हता. तसलं अंग मला ओळखू येतं, मी स्वतः तसलाच पाय घेऊन हिंडतो.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"परसालच्या दिवाळीपास्नं," वहिनी समोरच बघत म्हणाल्या. "झोपंत लकवा आला. पाय सुदारला, हात न्हाय सुदारला."

माझं डोकं सणकलं. दीड वर्ष ही दोघं लोकांची बायका-पोरं अशी वरखाली नेत होती. म्हातारी माणसं ह्याच्या गाडीची वाट बघत बसायची. मी दबक्या आवाजात म्हणालो, "माणसं बसत्यात ह्या गाडीत, हिंदुराव."

"म्हणूनच सावकाश हाकतो," तो म्हणाला. "दुसरं काय येतंय मला?"

त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि पंप किंचाळला. बोनेटखाली फट असा आवाज झाला, काचेवर लाल शिंतोडे उडाले आणि जळक्या तेलाचा वास आत आला. नवा पाइप गेला होता. हिंदुरावाच्या हातातलं चाक जागच्या जागी जड झालं. त्यानं ब्रेक मारला, गाडी दरीकडच्या कठड्याला घासून उभी राहिली.

पॉवर गेली म्हणजे स्टिअरिंग बंद पडत नाही. फिरतं, पण दोन्ही हातांनी सगळं अंग टाकून फिरवावं लागतं. एका हाताचं ते काम नाही. मी म्हणालो, आता बास. हिंदुराव मागं वळून बघत होता. यशवंत हौसाचे गाल थोपटत होता आणि तिला डोळे उघडायला सांगत होता. ती उघडत नव्हती.

"मिस्त्री, तुला येत न्हाय चालवाय. त्या पोराला येतंय का इचार," हिंदुराव म्हणाला.

यशवंतानं मान हलवली. त्यानं जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

हिंदुरावानं क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून विचार केला. मग बायकोला म्हणाला, "उजवीकडं मी वडतो. डावीकडं तू वडायचं. मी घे म्हणलो की घ्यायचं, सोड म्हणलो की सोडायचं."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला.

मला त्यानं डॅशखालचा हँडब्रेक धरून बसायला सांगितलं, आणि बोनेटवर नजर ठेवायला. तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडत होतं, धूर निघत होता. हे तेल पेटू शकतं, ते मला माहीत होतं आणि त्यालाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घालून तो निघाला.

ते उतरणं मी कसं सांगू? उजवं वळण आलं की तो उजव्या हातानं चाकाची उजवी कड खाली ओढायचा, मानेच्या शिरा टरारून यायच्या. पकड बदलायला त्याला हात सोडावा लागायचा, तेवढ्यात चाक उलटं फिरू नये म्हणून वहिनी डावीकडून धरून ठेवायच्या. डावं वळण आलं की त्या दोन्ही हातांनी डावी कड आपल्याकडे ओढायच्या आणि तो उजवीकडून धरायचा. "घे." "सोड." "घे, घे, अजून. सोड." तो मोठ्यानं बोलत नव्हता. ट्रकमध्ये त्याचा क्लीनर जसा मागं उभा राहून हाका घालायचा, तसा तो आपल्याच गाडीला हाका घालत होता. मागं यशवंताला ह्यातलं काही कळलं नाही. त्याचं सगळं लक्ष हौसाकडे होतं.

मला राग आला होता तो कुठं गेला कळलं नाही. मी भीतीनं गार पडलो होतो आणि त्याच वेळी त्या दोघांचं मला आश्चर्य वाटत होतं. दीड वर्षात त्या बाईनं घाटातलं वळणन् वळण अंगात मुरवून घेतलं होतं. त्याच्या हाकेआधीच तिचे हात जागेवर जात होते.

धूर कमी झाला, कारण डबीतलं तेल संपलं होतं. मी तसं सांगितलं. हिंदुराव "बरं" म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात रिकामा नव्हता. वहिनींनी आपल्या दंडानं तो पुसला. वाघजाईच्या देवळापुढं एक मोठं उजवं वळण आहे. तिथं त्यानं चाक ओढलं ते तोंडातून आवाज काढून, आणि वळण काढल्यावर मान दाराच्या खांबाला टेकवली. फाट्यावरचे पत्रे खाली दिसायला लागले होते.

थोडं पुढं गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "दस्तगीरभाऊ, आता ब्रेक तुमी बगा. त्येंचा पाय दमलाय. मी म्हणीन तवा वडायचं."

मी हँडब्रेकला दोन्ही हात घातले. वहिनी अर्धवट उठल्या, त्याच्याकडे झुकल्या आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. मला आता फक्त त्यांची पाठ दिसत होती. डावं वळण आलं. "घे," आवाज आला, पण तो त्यांचा होता. त्यांनीच ओढलं. "वडा," मला म्हणाल्या, मी ओढला, गाडी मंदावली. "सोड." मग शेवटचं उजवं वळण, दवाखान्याच्या वरचं. "घे. घे, अजून." सगळं त्यांच्याच आवाजात, त्याच दबक्या सुरात. हिंदुराव बिचारा थकलाय, म्हणून त्या त्याच्या वाटचं बोलतायत, असं मला वाटलं.

सपाटीला गाडी आली. दवाखान्याचं फाटक समोर होतं. "वडा आता, समदा," वहिनी म्हणाल्या. मी जीव खाऊन ओढला. गाडीनं दोन गचके खाल्ले आणि इंजिन बंद पडलं.

यशवंत हौसाला उचलून आत धावला. दवाखान्यातली माणसं बाहेर आली, तिला घेऊन गेली. आणि मी तसाच हँडब्रेक धरून बसलो, कारण तो गचका माझ्या कानात अडकला होता. गाडी गिअरमध्येच बंद पडली होती. क्लच दाबलेला नव्हता. हिंदुरावाच्या हातून जन्मात असा गचका बसला नव्हता. हात लुळा झाला तरी त्याचा डावा पाय क्लचवर शाबूत होता.

वहिनी खाली बसल्या. तेव्हा मला तो दिसला. डोकं खांबाला टेकलेलं, डोळे अर्धवट उघडे, पाय पेडलवरून बाजूला पडलेला. वहिनींनी पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं. मग मांडीवर पडलेला त्याचा डावा हात उचलला, बोटं एकेक करून सरळ केली आणि तो हात कोटाच्या खिशात नीट घालून ठेवला.

"देवळापाशीच," त्या म्हणाल्या. "देवळापाशीच गेलं त्ये."

हँडब्रेकवरचे हात मी तेव्हा कुठं काढले.

"दस्तगीरभाऊ, मी जित्ती हाय तवर ह्यातलं कुणाला सांगू नगा. आता ह्यांना उतरवाय माणसं बोलवा."

तोपर्यंत त्यांचा आवाज सरळ होता. मी कुबडी टेकत खाली उतरलो आणि दोन पावलं गेलो नाही, तोच मागं त्या जे ओरडल्या, ते आजही अधूनमधून माझ्या कानात येतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मेलेल्या माणसाचे दोन्ही हात सारखेच लुळे असतात, त्यामुळे अंघोळ घालणाऱ्यांनाही काही कळलं नाही. हौसा वाचली. बरेच दिवस तिला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं, पाय थोडा आखडला, पण चालती झाली. यशवंतानं सगळीकडे सांगितलं की पाइप फुटला, स्टिअरिंग जड झालं, तरी हिंदुरावानं गाडी फाटकापर्यंत आणली, उभी केली आणि मगच जीव सोडला. लोकांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

दहाव्याला नदीवर सगळा स्टँड लोटला होता. पिंडाला कावळा लगेच शिवला आणि माणसं म्हणाली, बघा, माणसाच्या मनात काही राहिलं नव्हतं. नंतर ड्रायव्हर लोकांनी स्टँडच्या शेडमध्ये त्याचा फोटो लावला, खाकी कोटातला. दोघं-तिघं बोलले. ड्रायव्हर असावा तर असा, एका हातानं घाट उतरवायचा, म्हणाले. त्यांतलाच एक, जो बायको गाडी चालवते म्हणून सगळ्यांत जास्त हसायचा, तो बोलता बोलता रडला. मला ते सहन होईना. मी आधीच तापट, आणि सगळं श्रेय एकाच फोटोला चाललेलं बघून उठून उभाच राहिलो. शेडच्या कडेला बायकांत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन शब्द हिंदुरावाच्या स्वभावाबद्दल बोललो आणि बसलो.

वहिनी ह्या उन्हाळ्यात गेल्या. फोटो लावलेली ती शेडही रस्ता रुंद करताना कधीच पाडली. म्हणून आज हे सांगतोय.

पण त्या वेळी मी गप्प बसलो नाही, एकदा तरी विचारलंच. महिना झाला असेल. जीप माझ्या गॅरेजच्या दारात उभी होती, पुढं फुटका पाइप तसाच लोंबत होता. वहिनी ती विकायचं सांगायला आल्या होत्या. मी कराडहून चौथा पाइप बनवून आणला होता. तो दाखवला आणि म्हणालो, विकू नका. लायसन मी काढून देतो, स्टँडवाल्यांशी मी बोलतो. बाईमाणूस म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला मी बघतो. घाट तुमच्याइतका कुणाला ठाऊक आहे?

त्या पाइपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला गाडी कुटं येती, दस्तगीरभाऊ? मला नुस्तं त्येंचा डावा हात व्हायला येत हुतं."

"आन शेवटची दोन वळणं?" मी विचारलं. "देवळाच्या खालची? ती कुणी काढली?"

वहिनी जीपपाशी गेल्या. दार उघडून त्यांनी स्टिअरिंगवरचा लट्टू पिळून काढला, पदराला पुसला आणि मुठीत घेतला. मग माझ्याकडे वळून, त्या दिवशीच्याच सरळ आवाजात म्हणाल्या, "ती बी त्येंनीच काढली."

त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

"व्हय," मी म्हणालो. "त्येनंच काढली."